केबिनचं दार

वॉर्ड ऑफिसातला मालमत्ता कराचा कारकून भर उन्हाळ्यातही डोक्यावरचा पंखा बंद ठेवतो, कागद उडतात म्हणून. पांडेसऱ्यातल्या आम्हा दुकानदारांची करकपातीची अपिलं हॉलमध्ये, सगळ्यांदेखत चालतात. मॉलचं अपील मात्र साहेबांच्या केबिनमध्ये, दार लावून. त्यांचा कर उतरतो आणि बजेटमधून आमच्या गल्लीच्या गटाराचं काम गळतं, हे आम्हाला मागाहून कळतं.

परवा कारकुनाने मॉलचं नाव आमच्यासारखंच खणखणीत पुकारलं आणि केबिनच्या उघड्या दारात खुर्ची टाकून बसला.

"दार लावून घ्या, भाई," साहेब म्हणाले.

"सुनावणी आहे ना, साहेब? मग ऐकू द्या की बाकीच्यांना."

तो हलला नाही. मी माझी खुर्ची उचलून त्याच्या शेजारी मांडली. मागोमाग चपलांचा दुकानदारही उठला.