माळवदावरची जर्मन

दुष्काळाच्या साली आमच्या लातूरच्या घरात जर्मन भाषा आली. वडिलांचं भुसार मालाचं दुकान होतं. दुकानावरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, तिथं एक जर्मन जोडपं भाड्यानं राहायला आलं. नवरा बोअर पाडणाऱ्या गाडीबरोबर खेड्यापाड्यांत फिरायचा, आठ-आठ दिवस परत यायचा नाही. बाई एकटीच असायची. आई मला म्हणाली, "परमुलखातली बाई हाय, एकली कशी ऱ्हाईल? जा, बसत जा तिच्यापाशी."

मी तेव्हा नववीत होते. तिला मराठी येत नव्हतं आणि मला जर्मन. टँकर आला की आम्ही दोघी रांगेत उभ्या राहायचो, आणि ती दिसेल त्या वस्तूला हात लावून नाव सांगायची. मी तेच मराठीत सांगायची. रांगेतल्या बाया हसायच्या, मग त्याही तिला शब्द शिकवू लागल्या. संध्याकाळी ती कांदा चिरताना बोलत राहायची, मी उत्तरं द्यायची. व्याकरण असं तिनं कधी शिकवलंच नाही. माझ्या हातून भांडं पडलं की जे ओरडायची, ते मला पाठ झालं. दोन उन्हाळ्यांनंतर एक दिवस मला कळलं की मी तिच्याशी भांडतेय, आणि जर्मनमध्ये भांडतेय. तीही चमकली. पुढं कितीतरी वेळ आम्ही हसत बसलो.

मग नवऱ्याचं काम संपलं आणि ती गेली. निघताना आईनं तिची खणानं ओटी भरली. तिचं एक कार्ड आलं, मी उत्तर धाडलं, आणि पुढं काहीच नाही.

मी नांदेडला रसायनशास्त्र शिकायला गेले. मावशीच्या घरी राहायची. कॉलेजात जर्मन जाणणारं कोणी नव्हतं. आमच्या एका प्राध्यापकांना कुठूनसा एक जर्मन शोधनिबंध मिळाला होता. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी तो उघडला आणि मला एकही ओळ लागेना. मला कांदा येत होता, केरसुणी येत होती, ताप उतरला का हे विचारता येत होतं. आम्ल आणि क्षार तिनं मला कधी सांगितलेच नव्हते. सर म्हणाले, "असू द्या, असू द्या." मला मात्र घरी जाईपर्यंत रडू येत राहिलं.

त्याहून वाईट पुढं घडलं. एकदा न्हाणीत पाणी भरताना बादलीचा शब्द आठवेना. रोजचा शब्द. तो दुपारी आठवला, पण मी घाबरले. मला वाटलं, एकेक शब्द असाच जाईल, आणि शेवटी ती बाईच माझ्यातून निघून जाईल. त्या दिवसापासून कॉलेज सुटलं की मी मावशीच्या माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, जायची आणि वाळवण राखता राखता मोठ्यानं जर्मन बोलायची. दिवसभरात काय झालं ते सगळं तिलाच सांगितल्यासारखं.

शेजारच्या माळवदावर एक म्हातारे गृहस्थ संध्याकाळी खाट टाकून बसायचे. निजामाच्या काळी ते शाळेत फारसी शिकवायचे. गल्ली त्यांना मास्तरसाहेब म्हणायची. एक दिवस त्यांनी कठड्यापलीकडून विचारलं, "बेटी, कुणाशी बोलून राहिलीस?"

मी शरमले. म्हणाले, "कुणाशी नाही. भाषा विसरू नये म्हणून."

"कोणती जबान हाय?"

"जर्मन."

"माझी फारसी अशीच हाय," ते म्हणाले. "बोलायला वालिद होते, ते गेले. पोरं म्हणतात, अब्बा, तिचा आता काय उपयोग? तू असं कर. तू मला सांग, मी ऐकतो. मग मी बोलतो, तू ऐक."

"पण समजणार काही नाही."

"न समजू दे. माणूस तर समोर असंल."

पदवी मिळेपर्यंत आम्ही असेच बोललो. मी त्यांना प्रयोगशाळेत फुटलेल्या काचा, आईची आठवण, मैत्रिणीचं लग्न, सगळं जर्मनमध्ये सांगितलं. ते मान हलवायचे, हसायच्या जागी हसायचे. ते बोलत तेव्हा मला एवढंच कळायचं, की काही वाक्यं ते वडिलांच्या आवाजात बोलतात.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. नवी कार्यालयं भाड्याच्या घरांत सुरू झाली आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. पुन्हा टंचाई होती. एका खेड्यात विहिरीचे नमुने घ्यायला आमच्याबरोबर एक वयस्क जर्मन इंजिनिअर आला. मी जर्मनमध्ये बोलायचं धाडस केलं नाही, शोधनिबंध आठवत होता. विहिरीपाशी त्यानं दोन्ही हात जोडून पाणी घेतलं, आणि माझ्या तोंडून ओंजळीला ती बाई म्हणायची तो शब्द निघाला. तो तसाच थांबला. हातातलं पाणी गळून गेलं.

"हा शब्द कुठून आणलात?" त्यानं विचारलं. "हा पुस्तकातला नाही. आमच्या उत्तरेकडच्या खेड्यांत माझी आजी म्हणायची."

मग आम्ही गाडीत परत येईपर्यंत बोलत राहिलो. मी त्याला बाईचं नाव सांगितलं. त्याला ती माहीत नव्हती. आमचा देश मोठा आहे, असं तो म्हणाला, आणि मला वाईट वाटू नये म्हणून आणखी काही बोलला.

त्या रविवारी मी एसटीनं नांदेडला गेले. मास्तरसाहेब अंथरुणाला खिळले होते. मी खाटेशेजारी बसून त्यांना सगळं जर्मनमध्ये सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुला कुणीतरी जवाब दिलाय."

मी म्हणाले, "हाव."

त्यांनी माझा हात धरून ठेवला. त्याच पावसाळ्यात ते गेले.

आता फोनवर हवं तेवढं जर्मन ऐकायला मिळतं. बातम्या ऐकते, बहुतेक समजतात. पण ते लोक स्वच्छ, भरभर बोलतात. त्यांच्यात कुणी त्या बाईसारखं शब्द सावकाश ओढत बोलत नाही. तरी रोज ऐकते.