तळ्यावरचे मल्लूअण्णा

मल्लूअण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी शाळेत शिकवत होतो. धावतपळत पेठेतल्या त्यांच्या घरी पोचलो, तर तळ्याच्या समितीचे अध्यक्ष हार घेऊन आधीच दारात उभे. "मोठा पक्षिप्रेमी गेला हो," म्हणाले. मला शिसारी आली. महिना होत आला, अजून गेलेली नाही.

अण्णा माझे शेजारी, कापडाचे व्यापारी. बहात्तरच्या दुष्काळात सोलापूरबाहेरचं ते तळं आटून भेगाळलं होतं. पुढे पाणी आलं, मागोमाग थंडीत बदकं आली, रोहित पक्षी आले, आणि अण्णांना वेडच लागलं. रविवार उजाडला की सायकली काढायच्या आणि तळं गाठायचं. साहेबांच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवून त्यांनी ते पक्ष्यांसाठी राखीव करून घेतलं, देखभालीला समिती उभी केली. 'शिकारीस मनाई' ही पाटी लागली त्या दिवशी त्यांच्या घरी पुरणाची होळगी झाली होती.

पण आपल्याकडे कशाचंही भलं झालं की आधी हुरडा! समितीनं पाहुण्यांसाठी तो थेट तळ्याकाठीच ठेवला. आगटीचा धूर, लाऊडस्पीकर, जीपगाड्या… पक्षी केव्हाच उडाले. कहर म्हणजे एका पाहुण्यानं झुडपाआडून बार काढला आणि दोन बदकं पायांना धरून आणली. "भाजा की हुरड्यासंगं," अध्यक्ष म्हणाले, त्याच पाटीखाली बसून. अण्णा लिंगायत, अंड्यालाही न शिवणारे. त्यांनी ती बदकं धोतराच्या सोग्यात घेतली, विळ्यानं खड्डा उकरला, खिशातली विभूती त्यांच्या डोक्याला लावली आणि घरच्या माणसासारखी मूठमाती दिली.

"अवो अण्णा, बदकं हायती ती!" कुणीतरी खिदळलं.

"व्हय की. माणसं कुटं दिसायलीत हितं?" अण्णा म्हणाले.

समितीतून त्यांना काढलं. पुन्हा ते तळ्यावर गेले नाहीत. ते त्यांच्या जिवाला फार लागलं होतं.

आणि गेल्या रविवारी त्याच समितीनं तळ्याकाठच्या नव्या खोलीला अण्णांचं नाव दिलं. वहिनींकडून फोटो मागून नेला. वहिनींना वाटलं, निदान आता तरी यांचं तळं यांना मिळालं. मी त्यांना घेऊन गेलो. फोटो होता, हार होता… आणि फोटोखालीच टेबलावर हुरड्याच्या पराती, शेजारी मटणाचं पातेलं. हाड चोखता चोखता अध्यक्ष "या, या" म्हणाले.

वहिनींनी हार काढून टेबलावर ठेवला. फोटो पदराखाली घेतला.

"चला भावजी," त्या म्हणाल्या, "ह्यांना हितं मळमळायलंय."