मंगलवहिनींनी न गायलेलं गाणं

गाण्याआधी मंगलवहिनी कधी घसा साफ करत नसत. पदर कमरेला खोचत. समोर माइक नसून पन्नास माणसांचा स्वयंपाक असावा, असा आविर्भाव. मग तो मोकळा, खणखणीत आवाज सुटे आणि हॉलच्या मागच्या भिंतीशी गप्पा मारणारे पुरुषसुद्धा वळून बघत. कतारला, दोह्यातल्या मराठी माणसांचा गणपती, संक्रांत किंवा कुणाचं डोहाळजेवण त्यांच्या गाण्याशिवाय पार पडत नसे. कोकणातल्या मंडळींच्या ईदच्या दावतीलाही पहिलं बोलावणं त्यांनाच जाई. त्यांचे यजमान श्रीकांतराव गॅस प्लांटमध्ये होते. अल अझीझियात आमचे फ्लॅट समोरासमोर होते, त्यामुळे त्यांचा रियाज आम्हाला फुकट ऐकायला मिळे.

फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी जोरात चालली होती ते दिवस. सकाळी ज्या रस्त्याने ऑफिसला जावं तो संध्याकाळी बंद झालेला असे. स्टेडियमच्या कामावर अनिकेत नावाचा पुण्याचा एक इंजिनिअर आला होता. त्याला सिनेमाचं वेड. एका सुट्टीच्या दिवशी त्याने आम्हा सगळ्यांना घरी बोलावून जाहीर केलं की तो काउबॉयचा पिक्चर काढणार आहे, आणि तोही मराठीत.

"वाळवंट दाराशी आहे, घोडे भाड्याने मिळतात," तो म्हणाला. "मग आपण का नाही करायचा वेस्टर्न?"

आम्ही खूप हसलो. वहिनी हसल्या नाहीत. अनिकेतला त्यांच्याकडून फक्त एक गाणं हवं होतं. त्यांनी गोष्ट मागून घेतली, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पूर्ण वाचली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "गाणं राहू दे. मला ती खाणावळवाली दे."

गावातल्या एकुलत्या एका विहिरीवर दरोडेखोर कब्जा करतात, खाणावळवालीच्या नवऱ्याला गोळी घालतात, आणि ती बाई बंदूक घेऊन एकटी विहिरीपाशी बसते, अशी ती गोष्ट. अनिकेत चाचरला. "वहिनी, तो फार सीरियस रोल आहे."

"मग मी थट्टा करतेय का?"

घरी परतताना लिफ्टमध्ये मी त्यांना विचारलं, हे कशाला? त्या म्हणाल्या, "भाऊजी, माझं गाणं सुरू झालं की लोक ताटं घ्यायला उठतात. गोड गाता हो, म्हणतात आणि श्रीखंड वाढून घेतात. एकदा तरी माझ्यामुळे कुणाचा घास घशात अडकू दे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कार्यक्रमांना नकार द्यायला सुरुवात केली. शूटिंग संपेपर्यंत गाणं बंद. मराठी मंडळाचे अध्यक्ष समजूत घालायला आले, चहा पिऊन, रुसून गेले. "काल स्टेजवर ठेका धरणारी बाई आज प्रेताशी बसली, तर कोण विश्वास ठेवेल?" एवढंच वहिनींचं म्हणणं.

खर्चाचा मोठा भार उचलला होता महमूदभाईंनी. ते मूळ रत्नागिरीचे, अल गराफात त्यांचं हॉटेल. वहिनी गाणार नाहीत हे कळल्यावर ते तडक आले. "वयनी, तुमचा गाना नाय तर पब्लिक येल कशाला? हिरीवर एकच ठेवा. दुःखाचा ठेवा."

अनिकेत लगेच विरघळला. गाणं ठेवायला काय हरकत आहे, असं तोही म्हणू लागला. वहिनींनी महमूदभाईंना आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "भाई, घरात माणूस मेल्यावर बाई गाते का? गाणं हवं असेल तर दुसरी बाई बघा. मी राग धरणार नाही. पण मी केलं, तर असंच करीन."

महमूदभाईंनी पाणी संपवलं. शेवटी "इन्शाल्ला, बघू" म्हणून उठले. पैसे मात्र त्यांनी परत मागितले नाहीत.

घोड्यावर बसणं हे वेगळंच संकट होतं. वहिनींचे गुडघे दुखत. तरी दर शुक्रवारी त्या तबेल्यात जात. तिथला सुदानी मोतद्दार "यल्ला, मॅडम!" म्हणत घोडा पिटाळायचा आणि आम्ही डोळे मिटून घ्यायचो. एकदा घोडा बुजला, वहिनी पडल्या आणि डाव्या हाताचं हाड मोडलं. अनिकेत दवाखान्यात येऊन म्हणाला, "खलास. प्लास्टर निघेपर्यंत उन्हाळा लागेल. आता पुढच्या हिवाळ्यातच." वहिनींनी प्लास्टरकडे बघितलं. "का? खाणावळवालीचा हात मोडू शकत नाही?"

अशा रीतीने आमच्या नायिकेचा हात जुन्या कापडाच्या झोळीत आला. शूटिंग पार उत्तर टोकाला, मदिनत अश शमालच्या पुढे, ओस पडलेल्या मातीच्या घरांपाशी झालं. तिचा नवरा मी होतो. मला संवाद नव्हते. गोळी खाऊन पडायचं आणि पडून राहायचं. वहिनींनी रडायचं, असं ठरलं होतं. मी डोळे मिटून वाट बघत होतो, पण रडणं ऐकू येईना. त्या माझ्याशेजारी बसल्या आणि माझ्या सदऱ्याची उघडी बटणं लावू लागल्या. एकाच हाताने. बटण काजात जाईना. निसटे, त्या पुन्हा धरत. त्यांना घाई नव्हती. शेवटचं बटण लागल्यावर त्यांनी माझी कॉलर सरळ केली. अनिकेत 'कट' म्हणायचंच विसरला. उठलो तेव्हा माझे डोळे ओले होते. सगळ्यांना सांगितलं, वाळू गेली.

पिक्चर एका शाळेच्या हॉलमध्ये दाखवला. पडद्यावर हॅट घातलेल्या वहिनी आल्या आणि हॉल हसला. शिट्ट्या झाल्या. कुणीतरी ओरडलं, "वहिनी, एक होऊन जाऊ द्या!" त्या माझ्या शेजारीच होत्या. मी चोरून बघितलं. मान ताठ, नजर पडद्यावर. हशा पुन्हा एकदा उठला, मग विरला. बटणांचा प्रसंग आला तेव्हा एक लहान मूल काही बोललं आणि त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं. त्यानंतर शेवटपर्यंत कुणी हाक मारली नाही.

सगळ्यांनाच आवडलं असं नाही. "छान, पण गाणं हवं होतं," असं बऱ्याच जणांनी तोंडावर सांगितलं. महमूदभाई सगळे पांगल्यावर आले. "वयनी, माझा बाप दर्यात गेला, तवा माझी आय अशीच बसली व्हती. रडली नाय. मी ल्हान व्हतो, मला वाटायचा तिला काय वाटलाच नाय." वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

पहिला सामना व्हायच्या आधीच श्रीकांतरावांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. शहर झेंड्यांनी सजत होतं आणि समोरच्या फ्लॅटमध्ये खोकी बांधली जात होती. निरोपाच्या समारंभात रुसवा सोडलेल्या अध्यक्षांनी माइक हातात घेतला आणि भरल्या आवाजात ओळख करून दिली, "आपल्या सर्वांच्या लाडक्या गायिका..."

वहिनी उठल्या, त्यांच्या हातातून हळूच माइक घेतला आणि म्हणाल्या, "मी नटी आहे. गातेसुद्धा."

आणि मग त्या गायल्या.