मॅडमनी शाळेत दारू आणली!

आमच्या शाळेत कुणी रिटायर झालं की त्याला शाल मिळते, नारळ मिळतो आणि त्याचे किस्से स्टाफरूममध्ये जमा करून घेतले जातात. रॉकेटवाली मंडळी मात्र अजून नोकरीत आहेत आणि किस्से आत्ताच मावेनासे झालेत! एक सांगायला घ्यावा तर दुसरा मधेच घुसतो. मी कळंबात चित्रकला शिकवते. माझा रॉकेटशी संबंध काय? तर पंख सरळ चिकटवायला "हात चांगला असलेलं माणूस" पाहिजे होतं, म्हणून मला धरून नेलं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे.

हे सगळं सुरू केलं साबळे मॅडमनी. त्या विज्ञान शिकवतात. माहेर तेरखेड्याचं. वडलांची, म्हणजे अण्णांची, उभी हयात फटाके बनवण्यात गेली आणि डाव्या हाताची दोन बोटंही त्यातच गेली. "माझ्या पोरीच्या हाताला दारूचा वास लागला न्हाय पायजे," म्हणून त्यांनी हिला शिकवलं, मास्तरीण केलं. आणि हिनं काय करावं? मुलांसाठी रॉकेटचा किट मागवला!

*

खोकं उघडलं. पुठ्ठ्याची लांब नळी, पातळ लाकडाचे पंख, प्लास्टिकचं टोक, छोटंसं पॅराशूट. आमचे मुख्याध्यापक, त्यांना सगळे मोठे सर म्हणतात, शेतीवाडीचा माणूस. माहितीचा कागद वाचून म्हणाले, "इंजिन पण हाय? मग डिझेल कोण आणणार?"

मॅडमनी अंगठ्याएवढी नळी त्यांच्या हातात दिली. "हेच इंजिन, सर. आत दारू दाबून भरलेली असते. फटाक्यात असते तसलीच."

सर असे दचकले की खुर्चीच मागं सरकली! नळ्या कपाटात टाकल्या, कुलूप लावलं आणि संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावला. आमच्या सरांना फोनची गरजच नाही, एवढा आवाज! "साहेब, मॅडमनी शाळेत दारू आणलीय! व्हय, मुलांसाठीच! न्हाय, मी कपाटात ठेवलीय. किल्ली माझ्या खिशात हाय. कुणाला देणार न्हाय!"

शाळा सुटायच्या आत गेटवर पालक! बायका पदर खोचून आलेल्या. "कुठाय ती बाई?" मी घाबरून मॅडमना माझ्या खोलीत नेऊन आतनं कडी लावली. खिडकीतनं बघितलं, तर अध्यक्ष गर्दीतून वाट काढत सरांच्या केबिनकडं निघालेले. पुढचं सरांनीच नंतर सांगितलं: अध्यक्षांनी दार लोटलं, इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "काय सर, एकट्यानंच व्हय?"

*

गैरसमज मिटला, रॉकेट बांधून झालं. पहिलं उड्डाण! मैदानात लोखंडी सळई उभी केली, त्यावर रॉकेट, खालून दोन वायरी लांब बटणापर्यंत. आता आपल्याकडं नवीन मोटरसायकल पूजेशिवाय रस्त्यावर येत नाही, तर रॉकेट कसं जाईल? पीटीचे कदम सर हळदी-कुंकू घेऊनच आले. रॉकेटला बोट लावलं, हार घातला आणि सळईच्या बुडाशीच दणकन नारळ फोडला. सगळं पाणी वायरींवर!

मुलं मोजायला लागली. "तीन! दोन! एक! शून्य!"

मॅडमनी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. ढिम्म! तेवढ्यात सातवीचा अख्खा वर्ग ओरडला, "उणे एक! उणे दोन! उणे तीन!"

गणिताच्या बाई आनंदानं रडायच्याच राहिल्या होत्या. वर्षभर शिकवून जमलं नव्हतं!

*

दुसऱ्या दिवशी वायरी बदलल्या. कदम सरांना आता हार-नारळाची बंदी होती, म्हणून ते रॉकेट "चेक" करत बसले. त्यांना दिसलं की पुढचं टोक ढिलं आहे. अहो, ते ढिलंच असतं! वर गेल्यावर ते निघायचं आणि आतून पॅराशूट बाहेर पडायचं, तरच रॉकेट अलगद खाली येणार. पण विचारतील तर ते कदम सर कसले? झटपट चिकटणारा गोंद आणून त्यांनी टोक पक्कं बसवून टाकलं!

रॉकेट गेलं! सुर्रर्र करून असं गेलं की माझ्या तोंडून "अगं आई गं!" निघालं. मग वर जाऊन ते वळलं. पॅराशूट नाही, काही नाही, नाक खाली करून सरळ आमच्याकडंच! पळापळ! मी चप्पल सोडून पळाले. रॉकेट खच्चकन कदम सरांच्याच मोटरसायकलच्या सीटमध्ये घुसलं.

मोठे सर पांढरेफटक. कदम सर शांतपणे गेले, रॉकेट उपसून काढलं आणि म्हणाले, "बघा, घट्ट बसवलं म्हणून! न्हायतर टोक हरवलं असतं."

मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. मोठे सर म्हणाले, "आणखी एक गडबड झाली, की रॉकेट बंद!"

*

ही बातमी तेरखेड्याला गेली. अण्णांनी मॅडमशी बोलणंच सोडलं. मॅडम दुपारच्या सुट्टीत फोन लावायच्या, आई उचलायची. अण्णा शेजारीच बसलेले असायचे, पण फोन हातात घ्यायचे नाहीत. एकदा स्टाफरूममध्ये मॅडमनी फोन स्पीकरवर ठेवला होता. आईचा आवाज आला, "अण्णा इचारत्यात, आज बोटं मोजली का? धा हायती न्हवं?"

मॅडम म्हणाल्या, "दहा आहेत म्हणावं." आणि फोन ठेवून रडल्या. मी चिडून म्हणाले, "मग सोडून द्या ना हे खूळ!" तर म्हणाल्या, "सोडलं तर त्यांना कायम वाटणार, की दारू म्हणजे बोटं जाणं, तेवढंच."

*

नवीन रॉकेट बांधलं. यावेळी कदम सरांना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. पॅराशूटच्या खाली एक खास कागद भरायचा असतो, जळत नाही असा, म्हणजे आतल्या जाळानं पॅराशूट वाचतं. तो कागद काही सापडेना. सापडणार कसा? मोठ्या सरांनी त्यानं चष्मा पुसला आणि टाकून दिला होता! वर म्हणाले, "काळजी करू नका. घरचा कापूस हाय, एक नंबर!" आणि आमचं लक्ष नसताना चांगला बोळा कोंबला.

रॉकेट वर गेलं, पॅराशूट उघडलं आणि धूर काढत, जळत खाली आलं! मुलांना वाटलं असंच असतं. टाळ्यांचा कडकडाट! मी मात्र डोळ्यांवर हात घेऊन उभी.

मोठे सर गरजले, "मी काय सांगितलं होतं? बंद म्हणजे बंद! कापूस कुणी भरला?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच, सर."

सरांनी आभाळाकडं बघितलं. मग म्हणाले, "तशी आणखी एक संधी द्यायला हरकत न्हाय."

*

त्या शेवटच्या संधीच्या दिवशी आम्ही सळई रोवली, वायरी जोडल्या, आणि गेटमधून अण्णा आत आले! येरमाळ्याला गाडी बदलून आले होते. पांढरी टोपी, हातात पिशवी. मॅडमचा चेहरा उतरला. आता इथंच तमाशा होणार, असं मला वाटलं.

अण्णा मॅडमकडं बघेनातच. मला म्हणाले, "बाई, बटण म्या दाबणार. तिला लांब उभी करा."

कदम सर पुढं झाले. "अण्णा, एकदम सेफ हाय हो!"

"मलाबी असंच सांगितलं व्हतं," अण्णा म्हणाले. कदम सर मागं सरले.

मॅडमनी मुकाट्यानं बटण दिलं, पण लांब काही गेल्या नाहीत. वडलांशेजारीच उभ्या राहिल्या. मुलांनी मोजलं. अण्णांनी बटण दाबलं, टाकून दिलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पोरीला खाली ओढून तिच्यावर पालथे पडले! तिचं डोकं छातीशी दाबून धरलेलं, डोळे गच्च मिटलेले.

रॉकेट गेलं. वर टोक निघालं, पॅराशूट उघडलं, मुलं नाचायला लागली. आम्ही मोठी माणसं या बापलेकीकडं बघत उभे.

"अण्णा, उठू द्या," खालून मॅडमचा आवाज आला.

"उठू नको. अजून फुटला न्हाय."

"हा फुटत नाही, अण्णा. हा परत येतो."

अण्णांनी डोळे उघडले. मान वर केली. रॉकेट डुलत डुलत खाली येत होतं. ते पार मातीत टेकेपर्यंत ते बघत राहिले. मग पोरीला विचारलं,

"सगळाच्या सगळा?"