ग्रहण सुटायच्या आधी पडलेलं मुसळ

इथले अनुभव मी आवडीने वाचतो आणि प्रत्येकात गडबड कुठे आहे ते शोधतो. सवयच आहे. मांजर आडवं गेलं तर मी घड्याळ बघतो – उशीर झाला नाही ना, एवढंच. म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही ठाकुर्लीला राहतो. चौथा मजला, वर लगेच गच्ची, पश्चिमेला मुंब्र्याचा डोंगर. २०२२च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. आठवत असेल, पाडवा एक दिवस पुढे गेला होता. माझी खडवलीची आत्या दिवाळीला आमच्याकडे आलेली.

आत्याने सत्तरी ओलांडली तरी एकदाही ग्रहण पाहिलं नव्हतं. "लहानपणी आई कोंडायची, मग पोटुशी म्हणून सासू कोंडायची, आणि आता तू डोळ्याचं कारण सांगतोस!"

कारण खरंच होतं. तिचा डावा डोळा काचबिंदूने गेलाय. सगळी भिस्त उजव्यावर.

तरी मी कबूल झालो. ग्रहण बघायचा पुठ्ठ्याचा चष्मा आणला. एकच मिळाला. घरी मोबाईलचा टॉर्च लावून दोन्ही बाजू तपासल्या – मिट्ट काळोख. म्हणजे उत्तम. चष्मा शर्टाच्या खिशात टाकला.

पण आत्याची एक अट होती. ग्रहणात परातीत पाणी घालून मुसळ उभं करायचं. ग्रहण सुटेपर्यंत ते उभं राहतं आणि सुटलं की आपोआप पडतं, असं तिच्याकडे मानतात.

"आत्या, बूड सपाट आहे म्हणून उभं राहतं. कधीही राहील." मी दुपारीच स्वयंपाकघरात उभं करून दाखवलं.

"हे तुझं उभं राहणं. ग्रहणातलं वेगळं," आत्या म्हणाली.

सुलभा, माझी बायको, हसत होती. "अहो, वाद कसला घालताय? मुसळ उचला."

मी मुसळ छातीशी धरून जिना चढलो. परातीत पाणी ओतलं, मुसळ उभं केलं, हलवून खात्री केली. पक्कं होतं. समोरच्या गॅलरीतल्या आकाशकंदिलाच्या शेपट्याही हलत नव्हत्या, इतका वारा पडलेला.

सूर्य डोंगराकडे झुकला होता. आत्याने पाठमोरं उभं राहून तिच्या चष्म्यावर पुठ्ठ्याचा चष्मा चढवला. "वळू का रे दिन्या?"

"वळ."

ती अर्धी वळली... आणि धाडकन् मुसळ पडलं!

परात उलटली, सगळं पाणी आत्याच्या पायांवर. "अगं आई गं!" करत ती उडीच मारून मागे फिरली. पुठ्ठ्याचा चष्मा खाली पडला. आधी घाबरली, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. "बघ, म्हणे बूड सपाट!"

मी चष्मा उचलून पुसला आणि सवयीने टॉर्चसमोर धरला. उजव्या काचेत एक चांदणी चमकली. बारीकसं भोक... उजव्याच बाजूला. जिन्यात मुसळाचं लोखंडी कडं खिशावर दाबलं गेलं असणार, दुसरं काय.

मी लगेच दोघींना भोक दाखवलं. आत्याचं हसू थांबलं.

"म्हणजे राहिलंच म्हणायचं," ती हळूच म्हणाली.

"राहतंय कसं?" सुलभा खाली पळाली आणि अनारसे तळायचा झारा घेऊन आली. "आत्या, सूर्याकडे पाठ करा. झाऱ्यातून वर अजिबात बघायचं नाही, भिंतीवर बघायचं."

तिने झारा उन्हात धरला. टाकीच्या पांढऱ्या भिंतीवर झाऱ्याच्या सावलीत जितकी भोकं तितके सूर्य उमटले – इवलेसे, आणि प्रत्येकाची कड कुरतडलेली.

आत्या भिंतीला नाक लावून बघत राहिली. "अगं बाई! सगळेच्या सगळे चावलेले अनारसे!" मग एकेका सूर्यावर बोट ठेवत गेली. डोंगराने शेवटचा गिळेपर्यंत हलली नाही. खालून आम्हाला शोधत आलेले शेजारीही रांगेत उभे राहिले आणि झारा हातोहात फिरला.

त्यानंतर मी ते मुसळ त्याच गच्चीवर, त्याच परातीत कितीदा उभं केलं. पाय आपटले, दार आपटलं, उड्या मारल्या. एकदाही पडलं नाही. त्या संध्याकाळी त्याच्या हातभर अंतरात कोणी नव्हतं, हे मात्र मी शपथेवर सांगतो. कोणाला कारण सुचलं तर जरूर कळवा. मला सुचलेलं नाही.

आत्याला मात्र काहीच कोडं नाही. "ग्रहण सुटलं की मुसळ पडतं, सांगितलं होतं ना?"

मी म्हटलं, "अगं, पण सूर्य ग्रहणातच मावळला. सुटलं कुठे?"

"त्याचं नाही रे," आत्या अनारसा मोडत म्हणाली. "माझं सुटलं."