खालच्या चेंबरला बोलका माणूस हवा

“तिला सांग, उतार-बितार मला शिकवू नकोस म्हणावं. मोटर बसवली की पाणी डोंगरसुद्धा चढतं.”

“त्याला सांग, पाणी चढेल. पाण्याबरोबर जे असतं ते नाही चढणार.”

“तिला सांग, दुकानात गिऱ्हाइकं आहेत. तोंड सांभाळ.”

“त्याला सांग, गिऱ्हाइकं संडासाचा पाइप न्यायला आलीत, अत्तर न्यायला नाही.”

दोघांच्या मधे काउंटरला टेकून वहिनी खिळे निवडत होती. तिने खिळ्यांचा डबा आपटला. “मी काय टपालपेटी आहे? तीन फुटांवर उभे आहात मेले! ऐकू येतंय की दोघांनाही!”

ऐकू येत होतं. पण दोन वर्षं झाली, दादा आपल्या सख्ख्या धाकट्या बहिणीशी वहिनीमार्फतच बोलत होता. दुकान दादाचं: पाइप, नळ, खिळे. बहीण गल्लीची प्लंबर. कमरेला कायम पाना खोचलेला, म्हणून लहानथोर सगळे तिला पानाताई म्हणत.

अबोल्याचं कारण म्हणजे एक झेंडा. निवडणुकीत तिच्या नवऱ्याने गॅलरीत छत्री पक्षाचा झेंडा लावला. दादा शिडीवाल्यांचा गल्लीप्रमुख. तो खालून ओरडला, “काढ तो!” ती म्हणाली, “मी लावला नाही, मी काढणार नाही. आणि गॅलरीत वाळत टाकलेल्या कपड्यांवरून तू माझ्याशी भांडणार?” झेंड्याला वाळत टाकलेला कपडा म्हटलं, हे दादाच्या फार जिव्हारी लागलं. निकाल लागला, सरकार आलं, झेंडा उन्हाने पार पांढरा पडला. अबोला मात्र पक्क्या रंगाचा निघाला.

तिने मत कोणाला दिलं? विचारलं की म्हणायची, “मत गुप्त असतं. तुमचा फ्लश गळतोय तो गुप्त नाही, तो आधी दाखवा.”

गल्लीच्या एका बाजूची रांग शिडीवाली, समोरची छत्रीवाली. निवडणुकीआधी ही नुसती माणसं होती. नंतर बाकडी वेगळी झाली, मोबाइलवरचे ग्रुप वेगळे झाले, कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये बॅडमिंटनसुद्धा सम-विषम तारखांना. एकतीस तारखेला जाळं कोणीच लावायचं नाही, कारण लागोपाठ दोन विषम तारखा म्हणजे अन्याय! जमिनीवरचं सगळं वाटून झालं, तेव्हा नेत्यांची नजर जमिनीखाली गेली. तिथे दोन्ही रांगांचं सांडपाणी एकाच लाइनीतून वाहत होतं. ही लाइन दादाच्या आणि तिच्या बापाने टाकलेली.

“त्यांची घाण आमच्या पाइपातून का?” हा प्रश्न दोन्ही बाजूंनी एकाच आठवड्यात विचारला गेला. छत्रीवाल्यांचे प्रमुख म्हणजे निवृत्त चित्रकलेचे मास्तर. त्यांनी सुबक अक्षरात अर्ज लिहिला: दोन रांगांना दोन स्वतंत्र लाइनी द्याव्यात. दोन वर्षांत मास्तरांचं आणि दादाचं एकमत झालं ते एवढ्यावरच. मास्तरांची सही झाली होती. दादाची बाकी होती. एका रांगेच्या नव्या लाइनीला उतारच मिळत नव्हता, तिथे मोटर लावू असं दादाचं म्हणणं.

पानाताईला हे काम मिळणार होतं, म्हणजे वर्षभर बघायला नको. तरी ती दादाच्या दुकानात जाऊन भांडत होती. तिला साफ दिसत होतं, ही लाइन तुटली की गल्लीत एकत्र असं काहीच उरणार नाही. आणि दादाला आपल्याशी भांडायलासुद्धा काही निमित्त राहणार नाही.

तिची रीत बापाची होती. लाइन तुंबली की आत कोणी उतरायचं नाही, वरूनच काम करायचं. एकमेकींना जोडलेल्या लवचीक कामट्या वरच्या चेंबरमधून एकाने ढकलायच्या, मागून पाणी सोडायचं. दुसऱ्याने खालच्या चेंबरपाशी बसून ओरडायचं: थांब, ढकल, आलं! वरच्याला खालचं दिसत नाही, म्हणून बाप सांगायचा, “खालच्या चेंबरला बोलका माणूस बसवावा. मुका बसवला तर मरण.”

तसं तिच्याकडे विजेवर फिरणाऱ्या स्प्रिंगचं मशीन होतं. एकट्या माणसाचं काम. गल्ली फाटली त्या महिन्यात ते अचानक बिघडलं. म्हणजे तिने ते पलंगाखाली ढकललं, वर चादर टाकली आणि गल्लीत सांगितलं, “पार्ट बाहेरून यायचाय.” दोन वर्षं तो पार्ट येतोच आहे.

“माणसं लागतील,” ती म्हणायची. “एक या रांगेचा, एक त्या रांगेचा. नाहीतर मी चालले, बसा नाक दाबून.”

पहिल्यांदा वर छत्रीवाला बँकेचा कारकून आला, खाली शिडीवाला दातांचा डॉक्टर. निवडणुकीपासून एकमेकांकडे न बघितलेले.

“आलं!” डॉक्टर किंचाळला.

“काय आलं?”

“विचारू नका! थांबा!”

“थांबू की ढकलू? नीट बोला की हो!”

“अहो, रोज लोकांच्या तोंडात बघतो मी, पण हे...”

काम संपल्यावर दोघांनाही आपापल्या घराच्या दाराबाहेरच अडवलं गेलं. “आधी आंघोळ, मग उंबरा.” गिझर तापेपर्यंत जायचं कुठे? हॉलच्या पायऱ्यांवर, नळापाशी. ज्या माणसाच्या अंगाला आपल्यासारखाच वास येतोय, त्याच्यासमोर तोरा तरी किती मिरवणार? कारकून म्हणाला, “तुमच्या सरकारने रस्त्यांची वाट लावली.” डॉक्टर म्हणाला, “तुमचं होतं तेव्हा रस्ते तरी कुठे होते?” मग म्हणाला, “तुमची ती अक्कलदाढ कशी आहे?”

एवढंच. गळ्यात गळे कोणी घातले नाहीत. पण चोकअप महिन्यातून एकदा तरी व्हायचंच, आणि पायऱ्यांवर बसलेल्यांची संख्या वाढत गेली. रविवारी तिथे गळके नळ आणि तुटलेले मिक्सर यायला लागले. पानाताई वायसर बदलायला शिकवायची आणि हात चुकला की पक्ष न बघता शिव्या घालायची. राजकारणावर भांडणं पूर्वीइतकीच व्हायची. पण आता समोरासमोर आणि पान्याने बोल्ट पिळता पिळता. दादा तेवढा तिथे कधी फिरकला नाही.

दुकानातल्या भांडणानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या बाथरूमची मोरी उलटी वाहायला लागली. वहिनी साडी गुडघ्यापर्यंत खोचून गल्लीत धावली. “पानाताई! अगं, घरात तळं झालंय!”

“येते. माझ्या रांगेचा माणूस मीच. तुमच्या रांगेचा कोण?”

“बाकी सगळे कामावर गेलेत. हेच आहेत.”

“मग बसव त्याला खाली.”

पानाताई वरच्या चेंबरला, दादा खालच्याला. मधे गल्लीभर अंतर, आणि अंतराच्या मधोमध वहिनी. सवयीने.

कामट्या आत गेल्या, पाणी सुटलं. दादाला चेंबरमध्ये गुडगुड ऐकू आली. त्याने वहिनीकडे तोंड केलं. “तिला सांग, थांब म्हणावं.”

वहिनीने तोंड वर वळवलं. “अगं वन्सं, हे म्हणतायत की...”

पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत गल्लीचा आठवडाभराचा साठा उसळला आणि कमरेपर्यंत दादावर आला.

“थांब! थांब, अगं बये, थांब! चिमे! पाणी बंद कर, कार्टे!”

लहानपणीची हाक ऐकून वरच्या टोकाला पानाताईने नळ बंद केला. गुडघ्यांवर हात टेकून ती इतकी हसली, की छत्रीवाल्यांच्या तीन खिडक्या उघडल्या. “वहिनी, त्याला सांग, दोन वर्षांनी थेट माझ्यासाठी काढलेला आवाज ऐकला. बसलाय जरासा.”

“दात काढू नकोस! ढकल!”

“काय निघालं?”

दादाने काठीने उचलून बघितलं. शिडीचं चिन्ह छापलेलं प्रचाराचं उपरणं. नंतर दुसरं. एकूण सहा निघाली.

वहिनी गोरीमोरी झाली. “फरशीला फार छान होती हो. पाणी पटकन टिपतात. बादलीतून कधी गेली, कळलंच नाही.”

“पक्षाचं उपरणं? मोरीत?”

“मग बोळे कुठे मिळतात फुकट?”

दादाच्या बाथरूममध्ये घोटाभर चिखल, आंघोळीला जागाच नाही. तो हॉलच्या पायरीवर जाऊन बसला, बहिणीपासून हातभर लांब. तिने नळाखाली धरलेला मग त्याच्या पायांवर ओतला. तेवढ्यात मास्तर अर्ज घेऊन आले, नाकाला रुमाल लावून.

“बरं झालं, इथेच भेटलात. बघितलंत ना, एकत्र लाइनीचे हाल? अर्ज आजच द्यायचाय. तेवढी सही.” त्यांनी कागद आणि पेन दादाच्या मांडीशेजारी पायरीवर ठेवलं.

“मास्तर, तुंबवलं तुमच्या लोकांनी नाही,” पानाताई म्हणाली. “यांच्या उपरण्यांनी.”

“म्हणूनच तर वेगळी हवी!”

तिने मग खाली ठेवला. “दादा, कर सही. मी खणते, उतार नसला तरी मोटर लावते, तुला हवं ते करते. फक्त वहिनीला सांगू नकोस. माझ्याकडे बघून मला सांग. तोडायची का?”

समोरच्या रांगेतून तिचा नवरा गॅलरीत आला. त्याच्या डोक्यावर तो पांढरा पडलेला झेंडा हलत होता. तो बिचकतच म्हणाला, “दादा, आमच्याकडचा गिझर तापलाय. तुमच्या बाथरूममध्ये चिखल आहे म्हणे.”

“अहो, सही...” मास्तर म्हणाले.

दादा उठला. बहिणीच्या खांद्यावरचा पंचा त्याने ओढून घेतला, चिखलाचे पाय पायरीला घासले, आणि कागद-पेन तिथेच पायरीवर सोडून, गल्ली ओलांडून तिच्या घराचा जिना चढायला लागला.