दोन टिचक्या

हे मी पत्नीला सांगितले नाही. वडील हयात होते तेव्हा त्यांनाही सांगितले नाही. ज्या देवापुढे रोज पहाटे बसतो त्याला ते ठाऊक असणारच — पण त्याच्यापुढेही मी ते कधी शब्दांत मांडलेले नाही. आज तुम्हाला सांगायला बसलो आहे. तुम्हालाच का? ते मला नीट सांगता येणार नाही.

मी घोडेगावचा. घरी पौरोहित्य होते, आणि आम्ही भाऊ चार. पाठशाळेत आठ वर्षे वेदाचे संहिता, पद, क्रम, जटा असे अध्ययन झाले. पण एवढ्या यजमानांवर चार घरे चालणार नव्हती, म्हणून मी नौदलात भरती झालो. निघताना आई रडली. वडील एवढेच म्हणाले, "समुद्रावर जा, कुठेही जा. संध्या सोडू नकोस."

मी ती सोडली नाही. हे अभिमानाने लिहितो आहे का? थोडासा अजूनही असेल. पुढचे वाचून तुम्हीच ठरवा.

आमच्या विमानवाहू नौकेच्या पोटात एक अंधारी, थंडगार खोली होती. तिथे रडारच्या पडद्यांसमोर खलाशी बसत आणि पडद्यावर ठिपका दिसला की त्याची दिशा व अंतर कानावरच्या यंत्रातून मला सांगत. मी एका पारदर्शक पाटीच्या मागे उभा असे. समोरच्या बाजूने अधिकारी पाहत असत, म्हणून मला प्रत्येक आकडा मागून उलटा लिहावा लागे, तेव्हा तो त्यांना सुलटा दिसे. नवख्यांना हे जमायला महिने लागत. मला आठवड्यात जमले. ज्याने बालपणी मंत्रांची पदे पुढून मागे आणि मागून पुढे घोकली, त्याला त्यात अवघड ते काय? अधिकारी मला 'पंडित' म्हणू लागले.

रडारवर यासीन असे. जुन्नरचा — त्याच्या पणजोबांच्या काळापर्यंत त्यांच्या घरी हाताने कागद बनवीत. एकाच नौकेवर एकाच मुलखातली आम्ही दोन माणसे! संध्याकाळी वरच्या डेकवर बसून आम्ही शिवनेरीच्या पायथ्याची सीताफळे आठवत असू, नाणेघाटातला वारा आठवत असू. आमच्या घोड नदीला पाणी अधिक की त्याच्या कुकडीला, यावरून भांडत असू. समुद्राच्या मध्यावर बसून दोन नद्यांसाठी भांडणारे आम्ही — आज ते आठवले की डोळे भरतात.

सकाळच्या संध्येला मला पूर्व लागे, नमाजला त्याला पश्चिम. पण वळती नौका तळघरातल्या माणसाला दिशा कळू देत नाही. यासीनला पडद्यावर नौकेचा रोख दिसे. पाळी संपली की तो माझ्या बिछान्याशी येऊन सांगे, "पंडित, आज तुजी पूर्व भटारखान्याकडं हाय बग. माजी पश्चिम गेली न्हाणीकडं. तुजा देव लई हुशार!"

अनेक वर्षे मी त्याने दाखवलेल्या दिशेलाच अर्घ्य दिले.

त्या काळी सराव होत. आपल्याच नौदलाची रशियन बनावटीची प्रचंड विमाने सरावात शत्रू बनत. आज बातम्यांत ज्या रशियन बॉम्बरना अडवायला लढाऊ विमाने झेपावताना दाखवतात, त्यांचीच ती भावंडे. लांब पल्ल्याची, चार इंजिनांची. आवाज छातीत घुमे. असे विमान नौकेपासून दूरच गाठायचे, त्याच्या पंखाशी पंख ठेवून उडायचे आणि त्याला वळवायचे, हे आमच्या छोट्या लढाऊ विमानांचे काम. गाठल्यावर ती दोन विमाने शेजारी शेजारी कशी दिसत? नांगरत्या बैलाशेजारून बगळा जावा, तशी. पण बगळ्याला वेळेवर उडवणे आमच्या खोलीच्या हाती असे.

त्या वर्षी मी एक अनुष्ठान धरले होते. कशासाठी, ते सांगणार नाही. सांगितले तर ती सबब वाटेल. जपाची संख्या मोठी होती, म्हणून मी पाळीवर उभा असतानाही मनात गायत्री म्हणत असे, डाव्या हाताच्या पेरांवर मोजत. आमच्या घरचा दंडक असा, की एकशे आठांची माळ मध्येच तुटली तर ती हिशेबात धरायची नाही. नौदलाचा दंडक असा, की कानावर पडलेला आकडा मोठ्याने परत म्हणायचा आणि लगेच लिहायचा. हे दोन दंडक जुळायचे कसे? यासीननेच वाट काढली. "तू बोलू नको. नखानं दोन टिचक्या मार यंत्रावर. मी समजंन, ऐकलंस."

हे नियमाबाहेरचे होते. त्याने ते माझ्यासाठी केले.

त्या दुपारी त्याचा आवाज कानात आला — दिशा, अंतर, नवा ठिपका, वेगवान. माझे दहा मंत्र उरले होते. दहाच. लिहायला मन वळवले असते तर माळ तुटली असती. मी दोन टिचक्या दिल्या, आणि उरलेले दहा पुरे केले. घाईने नव्हे, स्पष्ट, स्वरासहित, वडिलांनी शिकवले तसे.

त्या विमानाला एक मिनिट म्हणजे घोडेगाव ते मंचर, चौदा-पंधरा किलोमीटर. मी त्याला मिनिटाहून अधिक दिले.

आकडा पाटीवर उमटला तेव्हा समोरचा अधिकारी ओरडलाच. वर डेकवर वैमानिक पट्टे बांधून सज्ज बसलेले होते. आज्ञा गेली, इंजिने गर्जली — आणि चाके हलण्यापूर्वी ते महाकाय विमान आमच्या माथ्यावरून निघून गेले. पाटी थरथरताना मी पाहिली. सरावाच्या नियमाप्रमाणे आमची नौका बुडाली होती.

दुसऱ्या सकाळी चौकशी झाली. आम्ही दोघे शेजारी उभे. अधिकाऱ्याने मला विचारले, आकडा उशिरा का आला? आणि मी — ज्याने सत्यं वद हे आठव्या वर्षी पाठ केले होते — म्हणालो, "मी ऐकताक्षणी लिहिला, सर. मला उशिरा सांगण्यात आला."

यासीनने माझ्याकडे पाहिले. त्याने टिचक्यांचे सांगितले असते तर पाळीवरचा जप उघडा पडला असता. तो क्षणभर थांबला. मी बोलेन म्हणून थांबला होता का? मी बोललो नाही. मग तो समोर पाहत म्हणाला, "जी साब, देर मुझसे हुई."

त्याला रडारवरून काढले. बढतीच्या कोर्ससाठी गेलेले त्याचे नाव परत आले. त्याला रंगाचे डबे आणि दोरखंड सांभाळायला बसवले, आणि मुदत संपताच तो घरी परतला. मी चढत गेलो. पुरी वर्षे भरून, सन्मानाने निवृत्त झालो.

एक सांगायचे राहिले. कोठारात बसू लागल्यावर त्याच्यापुढे पडदा नव्हता. तरी तो रोज चार जिने चढून सुकाणूवाल्याला रोख विचारून येई, आणि मला माझी पूर्व सांगे. का खोटे बोललास, हे त्याने विचारले नाही. मीही ती दिशा रोज घेतली.

यासीनचे आता वारूळवाडीला दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो नव्या तारेने भरून देतो. गेल्या महिन्यात आमची मोटार घेऊन मी गेलो होतो. येडगावचा एक शेतकरी मोबाइल पुढे करून म्हणाला, "चाचा, ह्ये बगा, रशियाचं बॉम्बर आलंय आन् बोटीवरनं इमानं सुटल्यात! तुमी व्हते ना असल्या बोटीवर?"

"मी एकला न्हाई, ह्ये पंडितबी व्हते," यासीन म्हणाला.

"मंग तुमी अडवलं का असलं धूड?"

तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता तो हसला. "एकदा न्हाई अडवलं. पडद्याम्होरं डुलकी लागली मला! डोळं उघडलं तवर धूड डोक्यावर. अख्खी बोट बुडवली म्या, राव, एका डुलकीत."

"मंग बरं केलं, तुमाला घरी धाडलं. देश वाचला!" दुकानभर हशा झाला. त्याचा मुलगाही हसला. तो घरात हाच किस्सा ऐकत वाढला आहे. माझ्या खोट्याला यासीनने पस्तीस वर्षे स्वतःच्या घरात नांदवले, आणि मला ते तोवर ठाऊकही नव्हते.

मग तो शेतकरी माझ्याकडे वळला. "काय वो काका, खरं हाय का ह्ये?"

यासीनचा हात थांबला. त्याने मान वर केली नाही. दुकानात पाच माणसे होती, त्याचा मुलगा होता, आणि प्रश्न मला विचारलेला होता. माझे वय सत्तरीला आलेले. पेन्शन कोणी हिरावणार नव्हते, चौकशी कोणी लावणार नव्हते.

"हो," मी म्हणालो. "डुलकीच लागली होती त्याला."

आणि सगळ्यांबरोबर मीही हसलो.